फौजदारीणबाईंचं कव्हर

युसूफ पट्टेवाल्यासमोर दुसऱ्या कुणाच्या कामाची तारीफ करू नये, हे धुळ्यातल्या शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. एकाने केली होती. बिचारा नवा शिपाई, बाहेरून आणलेला पट्टा कौतुकाने दाखवायला गेला. युसूफने तो हातात घेतला, वाकवला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "हा पट्टा नाही भाऊ, पुठ्ठा शे. पावसात गेलास तर एका हाताने पँट धरशील आणि दुसऱ्या हाताने चोर." गल्लीभर हशा पिकला. त्या शिपायाने दुसऱ्याच दिवशी युसूफकडूनच पट्टा करून घेतला, हे सांगायला नको.

पोलीस मुख्यालयाच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. दुकान कसलं, तीन माणसं बसली की चौथ्याने उंबऱ्यावर उभं राहायचं. पण तिथे बसून तो बोलायचा असं, की जणू अख्ख्या जिल्ह्याचे पोलीस त्याच्या पट्ट्याच्या जिवावरच ताठ उभे आहेत. पट्टे तर तो करायचाच, पण त्याचा खरा जीव होता पिस्तुलाच्या कव्हरात. साहेब लोक त्याला होल्स्टर म्हणतात. युसूफ कव्हरच म्हणायचा, आणि म्हणताना मान जराशी वर करायचा. घरात उर्दू, गल्लीत अहिराणी आणि वर्दीवाल्यांशी मराठी, असं त्याचं चालायचं. तापला की मात्र तिन्हींचा काला.

दुकानाचे कायदे त्याच्या बापाच्या वेळचे होते. पहिला कायदा, खरं हत्यार दुकानात येणार नाही. शिसवी लाकडाचा एक साचा होता, हुबेहूब पिस्तुलासारखा. सगळं माप त्याच्यावर. दुसरा कायदा, गिऱ्हाइकाला उभं करून, फिरवून, वाकवून, खाली बसवून मगच कातड्याला कापायची रापी लावायची. मोठमोठे निरीक्षक त्याच्यासमोर मोटारसायकलवर बसल्यासारखे अधांतरी बसत. "अजून वाका साहेब, चोर काय खुर्चीवर बसून पळतो का?" असं म्हणायलाही तो कमी करायचा नाही. नाकावर माशी बसू द्यायचा नाही, पण काम चोख, म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

आणि अशा माणसाच्या दुकानात एक दिवस शीतल पावरा आली.

पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, उंची बेताची. युसूफला वाटलं, बायकोकडे कपडे शिवायला आलेली कुणी असेल. त्याची बायको शहनाज मागच्या खोलीत शिलाई करायची. तो म्हणाला, "ब्लाउजचं माप मागच्या दारानं, ताई."

"ब्लाउज नाही, चाचा. पिस्तुलाचं कव्हर पाहिजे. मी फौजदार आहे, पिंपळनेरकडे असते."

युसूफ उठून उभाच राहिला. बाई पोलीस त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या, पण त्यांच्या कमरेला त्याच्या हातचं कव्हर कधी गेलं नव्हतं. त्याची छाती तिथेच दोन बोटं फुगली.

शीतलने सगळं सरळ सांगितलं. ती सातपुड्याच्या पायथ्याची. बाप करमसिंग पावसावरची शेती करणारा, आई गुंताबाई मोहफुलं वेचणारी. त्यांच्या पाड्यातून फौजदार झालेली ती पहिलीच. पिंपळनेरच्या वरच्या डोंगरात एक पोलीस दूरक्षेत्र आहे, म्हणजे लांबची चौकी, तिथला स्वतंत्र चार्ज तिला हवा होता. पाड्यांवरच्या बाया पुरुष अधिकाऱ्यापुढे तोंड उघडत नाहीत, तिच्यापुढे घडाघडा बोलतात. पण वरच्या साहेबांनी अट घातली होती. इतक्या लांब, मदत यायला वेळ लागणार. तेव्हा तिथे जाणाऱ्याने फायरिंगची परीक्षा पास व्हायलाच हवी. एक शिट्टी वाजते, पिस्तूल कव्हरातून काढायचं, दोन गोळ्या मारायच्या, दुसरी शिट्टी व्हायच्या आत. शीतल दोनदा नापास झाली होती.

"नेम चुकत नाही माझा," ती म्हणाली. "गोळी लागायची तिथेच लागते. पण पिस्तूल बाहेरच येत नाही वेळेत. दुसरी शिट्टी वाजते, आणि माझा हात अजून बगलेत. आता महिनाअखेरच्या शनिवारी शेवटची संधी. नाही जमलं तर चार्ज दुसऱ्याला, आणि मी कंप्युटरच्या खोलीत. चाचा, टायपिंग करायला मी ही वर्दी चढवलेली नाही."

"तुम्ही बरोबर ठिकाणी आलात," युसूफ म्हणाला. "पट्टा आणलाय?"

तिने पिशवीतून वर्दीचा पट्टा काढून दिला. युसूफने तो उजेडात धरला, कुठलं भोक झिजलंय ते पाहिलं, कातडं कुठे मुरडलंय ते पाहिलं. पट्टा बघून माणूस ओळखतो, असा त्याचा दावा होता. बस, तेवढंच त्याने पाहिलं. तिला उभं केलं नाही, फिरवलं नाही, वाक म्हणाला नाही. परक्या बाईच्या कमरेकडे नजर टाकायची नाही, हा त्याच्या घरचा अदब. बोलतानासुद्धा तो तिच्या चपलांकडे बघत होता. आणि आपण किती अदबीने वागलो याचा त्याला मनातून अभिमानच वाटत होता.

कव्हर त्याने जीव ओतून केलं. दुहेरी कातडं, मेण लावलेल्या दोऱ्याची बारीक शिलाई, टिचबटण असं की अंगठा लागताच उघडावं. जिल्ह्यातल्या तरण्या फौजदारांना आवडतं तसं, उंच, कमरेला घट्ट चिकटलेलं, पिस्तुलाची मूठ पट्ट्याच्या पार वर. शीतल न्यायला आली तेव्हा तिने ते पट्ट्यात ओवून कमरेला बांधलं. युसूफ त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक बघत होता.

"कसं वाटतंय मॅडम?"

"छान आहे, चाचा," ती म्हणाली. बरगडीत काहीतरी टोचत होतं. पण बापाच्या वयाच्या माणसाने इतक्या हौसेने केलेल्या कामाला समोरासमोर नाव कसं ठेवायचं? तिच्या घरचा अदब तो. एकाने पाहिलं नाही, दुसरीने सांगितलं नाही. दोघांच्या चांगुलपणाने मिळून कामाचं वाटोळं केलं.

पुढच्या खेपेला ती आली ती वर्दीतच, पिस्तूल मुख्यालयात जमा करून. तिने कव्हर काढून पुढ्यात ठेवलं.

"हे परत घ्या, चाचा."

युसूफच्या हातातली आरी खाली पडली. परत? त्याच्या दुकानातून गेलेली वस्तू परत? बापाच्या काळापासून असलं काही घडलं नव्हतं.

"काय व्हयनं काय त्याले?" तो एकदम अहिराणीवर आला.

"काढता येत नाही यातून. रोज रिकामं पिस्तूल घेऊन सराव करतेय. मूठ बरगडीत घुसते. कोपर कानापर्यंत नेलं तरच बाहेर येतं, आणि तेवढ्यात शिट्टी."

"कव्हरात काही खोट नाही मॅडम. तुमचा हात नवा शे."

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. शीतलचा चेहरा लाल झाला. "हात नवा नाही माझा," ती म्हणाली. "ट्रेनिंगमध्ये नेमबाजीत मुलांसकट सगळ्यांना मागे टाकलं होतं मी. लहानपणी बापाच्या गोफणीने पाखरं हाकलली आहेत. हात नवा असता तर तुमच्याकडे आलेच नसते, हातच सुधारला असता."

"मग तुम्ही त्या दिवशी छान कसं म्हणालात?"

"तुम्ही भिंतीकडे बघत विचारलंत, मग काय म्हणायचं होतं?"

मागच्या खोलीतलं शिलाईयंत्र थांबलं. पडदा बाजूला झाला आणि शहनाज बाहेर आली, गळ्यात टेप, ओठात टाचणी. तिने आधी टाचणी काढून पदराला खोचली, कारण तिला आता बरंच बोलायचं होतं. पण पहिल्यांदा ती शीतलला म्हणाली, "आत या, बेटी. दाखवा मला कुठे लागतंय."

दोघी आत गेल्या. युसूफ एकटाच कव्हर उलटसुलट करत बसला. शिलाई सरळ होती. कातडं उत्तम होतं. दोष म्हणून कुठे सापडेना, आणि त्याचा राग आणखीच चढला. आपलं काम आपल्याच हातात देऊन कुणी चूक म्हणतं म्हणजे काय?

शहनाज बाहेर आली ती कंबरेवर हात ठेवून. "अजी, बरगडीवर निळं पडलंय पोरीच्या. तुम्ही माप कुणाचं घेतलं होतं?"

"पट्ट्याचं."

"आणि पट्टा घालणार कोण? खुंटी?"

"शहनाज, मी परक्या बाईला..."

"अहो, मग मला हाक मारायची होती! मी काय पडद्यामागे लोणचं घालून बसले होते? आख्ख्या गल्लीच्या बायांची मापं माझ्याकडे, आणि घरात एक बाई गिऱ्हाईक आली तर हे कॅलेंडर बघतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

शीतल पडद्याआड उभी राहून हसू दाबत होती. ते युसूफला ऐकू आलं. त्याला राग यायला हवा होता, पण का कोण जाणे, बरं वाटलं. पोरगी दुकान सोडून गेली नव्हती.

"चला मागे अंगणात," तो गुरगुरला. "बठ्ठं, अगदी सगळं, नव्यानं बघू. साचा आणतो."

मागच्या अंगणात शेवग्याचं झाड होतं आणि वाळत घातलेल्या कुरडया. तिथे मग जो तमाशा झाला, तो शेजारणींनी गच्चीवरून पाहिला आणि पुढे कितीतरी दिवस चघळला. युसूफने जुन्या कव्हरांचं गाठोडं सोडलं. शहनाजने शीतलला विचारलं, "तुमचा दिवस कसा जातो ते आधी सांगा. सकाळी उठल्यापासून."

शीतल सांगू लागली. मोटारसायकल. जीप. चढणीची पायवाट. पाड्यावर गेलं की खुर्ची नसते, आणि असली तरी ती घेत नाही. बायांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसते, तेव्हा कुठे त्या बोलतात. नाले ओलांडायचे, कुंपणांवरून उड्या. आणि हे सगळं रोज, नुसतं परेडपुरतं नाही.

"म्हणजे बसण्याउठण्याचं काम जास्त," युसूफ म्हणाला. "मग आडवं लावू. डाव्या कुशीला, मूठ उजव्या हाताकडे." जुनं एक आडवं कव्हर त्याने शहनाजकडे दिलं, तिने ते शीतलच्या पट्ट्यात ओवलं. शीतल मांडी घालून बसली, उठली, परत बसली. एकदम सोपं. तिचे डोळे चमकले. "हे जमतंय की, चाची!"

"थांबा," शहनाज म्हणाली आणि तिच्या पुढ्यात येऊन झुलत उभी राहिली. "मी दारुडी. बायकोला मारून आलेय. समजवा मला."

"हे बघा काका, शांत व्हा, आधी खाली बसा..." शीतलने सुरुवात केली, आणि तेवढ्यात शहनाजने हात लांबवून लाकडी पिस्तूल अलगद काढून घेतलं. मूठ समोरच्याच्याच हाताकडे होती ना! "घ्या," ती म्हणाली, "फौजदारीणबाई गेल्या कामातून." गच्चीवरच्या बायका खदखदून हसल्या.

शीतलही हसली, पण लगेच गंभीर झाली. "आणि फायरिंगच्या रांगेत हे चालणारही नाही. डावीकडून काढताना नळी शेजारच्यावरून फिरते. फायरिंग शिकवणारे उस्ताद बाहेरच काढतील."

आडवं गेलं. मग मांडीवरचं आलं, पायाला पट्टी बांधायचं. उभ्याने त्याच्यातून पिस्तूल झटक्यात निघालं. युसूफ खूश. पण शीतल मांडी घालून बसली आणि कव्हराचं टोक जमिनीला टेकलं, पट्टी मांडीत रुतली, आणि ती कोंबडी अंड्यांवर बसावी तशी अर्धवटच बसून राहिली. अंगणाच्या दोन फेऱ्या मारल्या तर ते पायावर थपाथप आपटू लागलं. "चढण चढताना हे वाजत गेलं तर डोंगरापलीकडच्या चोरालासुद्धा कळेल मी येतेय," ती म्हणाली. बगलेतलं निघालं साध्या वेशातल्या ड्युटीचं, वर्दीवर चालत नाही, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात त्याचा घामाने चिखल. पाठीमागचं युसूफने स्वतःच लावून पाहिलं आणि उताणा पडून दाखवलं. "पडलात तर मणक्याचा भुगा," असं तो पडल्यापडल्याच म्हणाला. त्याला उठवायला दोघींना हात द्यावा लागला.

शेवटी पुन्हा उजवी कंबर. सगळी वाट फिरून गाडी तिथेच आली. रोजच्या कामाला, शिट्टीच्या परीक्षेला आणि वर्दीला एकाच वेळी चालेल अशी तेवढी एकच जागा होती. आणि नेमकं तिथेच अडत होतं.

"लावा ते माझंच," युसूफ म्हणाला. शहनाजने त्याचं परत आलेलं कव्हर शीतलच्या पट्ट्यात ओवलं, साचा त्यात घातला, आणि वळून पाहिलं. नवरा शेवग्याच्या शेंगा मोजत होता.

तिचा आवाज एकदम खाली आला. ओरडली असती तर बरं, असा खाली. "अजी, डोळे वर करा. डॉक्टर बघतो, बाप बघतो. कारागीर बघणार नाही तर काम कसं होणार? ही पोरगी ज्या डोंगरात जाणार तिथे हिच्या कमरेला तुमचं कातडं असणार, दुसरं कुणी नाही. तिथे हात अडकला तर? तुमचा अदब येणार का सोडवायला?"

युसूफ सदऱ्याला हात पुसत शीतलकडे वळला आणि पहिल्यांदाच तिला मॅडम म्हणाला नाही.

"बेटी, तुझी परवानगी असली तर मी बघतो."

"बघा ना, चाचा," शीतल म्हणाली. "माझा बाप इथे असता तर त्याने बघितलंच असतं."

आणि मग युसूफ पट्टेवाल्याने पाहिलं. एकदा पाहायला लागला तसा तो सगळं विसरला. डोळा कारागिराचा, बाईपुरुषाचा भेद त्याला उरला नाही. "उभी राहा. वळ. हात सोड. आता काढ. हळू. परत." त्याने तिला वाकवली, बसवली, मोटारसायकलवर बसल्यासारखी अधांतरी बसवली. "अजून वाक, चोर काय खुर्चीवर बसून पळतो का?" ती वाकली. त्याने गुडघे टेकून बाजूने पाहिलं, आणि त्याच्या तोंडून एकदम निघालं, "अरे अल्ला!"

पुरुषाची कंबर सरळ उतरते. हिच्या कमरेखाली हाडाचा उतार बाहेर होता. त्या उताराने कव्हराचं खालचं टोक बाहेर ढकललं जात होतं, आणि वरची मूठ तेवढीच आत, बरगडीत घुसत होती. त्यातून तो दीडशहाण्यासारखा कव्हर उंच करून बसलेला. पट्ट्यापासून बगलेपर्यंत या पोरीला जागा किती! पिस्तूल निघणार कुठून?

"चुकलं मनं," युसूफ म्हणाला.

शहनाजने कानावर हात नेला. लग्न झाल्यापासून 'माझं चुकलं' हे दोन शब्द तिने या माणसाच्या तोंडून ऐकले नव्हते. पण चिडवायची ही वेळ नाही, हे ती जाणून होती. तिने टेप काढली आणि शीतलच्या कमरेवरून खाली ठेवली. "कपड्याला आम्ही इथे टक्स घालतो, चिमटा घेऊन शिवतो. सरळ पट्टी या वळणावर बसतच नाही. पोरीचा पट्टासुद्धा सरळ कापलेला."

"कातड्याला टक्स घालत नाहीत."

"मग कापतानाच वळवा."

युसूफने बायकोकडे पाहिलं. मग टेपकडे. मग पुन्हा बायकोकडे. "कमानीत कापू," तो पुटपुटला. "पट्टा कमानीत. आणि कव्हर खाली सोडू, पट्ट्याच्या खाली चार बोटं. वरच्या बाजूला आतून कातड्याची पाचर, म्हणजे मूठ अंगापासून सुटेल आणि कव्हर सरळ लोंबेल."

"आता कसं बोललात!" शहनाज म्हणाली.

शनिवारपर्यंत दुकानात दुसरं काम झालं नाही. युसूफ कापायचा, शहनाज टेप लावून नाही म्हणायची. तो चिडायचा, परत कापायचा. पाचर जाड झाली तर मूठ बाहेर फेकली जायची, पातळ झाली तर बरगडी. परीक्षेपर्यंत मुख्यालयातच थांबलेली शीतल संध्याकाळी ड्युटी संपवून यायची, अंगणात उभी राहून साचा काढायची, ठेवायची, काढायची. एकदा तिने इतक्या झटक्यात काढला, की युसूफ घाबरून मागे सरला आणि कुरडयांवर बसला. शहनाज कुरडयांसाठी ओरडली नाही. शीतलकडे बघून तिने फक्त मान हलवली, आणि पोरीच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ते पाहून युसूफला वाटलं, कुरडया गेल्या तर गेल्या.

"पण अंगणात जमणं आणि शिट्टीवर जमणं वेगळं, चाचा," ती जाताना म्हणाली.

"कातडं आपलं काम करील," युसूफ म्हणाला. "तू तुझं कर."

फायरिंगचं मैदान शहराबाहेर, एका टेकाडाच्या आड. लाल निशाण लावलं की बाहेरच्या माणसाला फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही. तरी शनिवारी सकाळी युसूफ दुकान बंद करून शहनाजला स्कूटरवर मागे बसवून तिथे हजर. फाटकावर अभिमन हवालदार होता, युसूफचं जुनं गिऱ्हाईक. "इथे काय काम चाचा?" त्याने विचारलं. युसूफ म्हणाला, "काम आत शे. मी बाहेर."

फाटकाजवळच्या निंबाखाली एक म्हातारा उकिडवा बसला होता, डोक्याला लाल फडकं, आणि शेजारी एक बाई, मांडीवर गाठोडं घेऊन. एसटीच्या धुळीने दोघांचे पाय पांढरे झाले होते.

"तुम्हना कोन शे तठे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कव्हर मनं शे," युसूफ ऐटीत म्हणाला. "तुम्हनं?"

"पोर मन्ही," म्हातारा म्हणाला.

युसूफची ऐट उतरली. तो एकदम खाली बसला, म्हाताऱ्याच्या शेजारी, मातीत. हाच करमसिंग. शहनाज गुंताबाईकडे सरकली. तेवढ्यात आतून गोळ्यांचे आवाज सुरू झाले.

एकाची पाळी गेली. दुसऱ्याची गेली. प्रत्येक वेळी शिट्टी, दोन बार, शिट्टी. एकाच्या वेळी शिट्टी आधी झाली आणि दुसरा बार नंतर. अभिमनने ओठ मुडपले. मग तो टेकाडाकडे बघून म्हणाला, "आता मॅडम."

युसूफने शहनाजचा हात धरला. चारचौघांत, रस्त्याच्या कडेला, असा त्याने तो कधीच धरला नव्हता. पाचर जाड तर राहिली नाही? घामाने कातडं फुगलं तर? टिचबटण? आयुष्यभर त्याने ज्यांना कव्हरं विकली त्यांच्यापैकी एकाच्याही शिट्टीसाठी त्याचा जीव असा टांगणीला लागला नव्हता.

शिट्टी.

धाड. धाड.

आणि मग काहीच नाही. चौघेही श्वास धरून बसले. करमसिंगने अभिमनकडे पाहिलं, अभिमन हातातल्या काठीवर रेलून टेकाडाकडे बघत होता. आणि तेव्हा कुठे, सावकाश, उशिरा आल्यासारखी, दुसरी शिट्टी वाजली.

"अरे वा रे वा!" अभिमन ओरडला. "शिट्टीला वाट बघायला लावली पोरीनं!"

गुंताबाईने पदर तोंडाला लावला. करमसिंग उठला, परत बसला, परत उठला. शहनाज मोठ्याने रडली आणि रडता रडता म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं कमानीत कापा म्हणून?" युसूफने खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला.

शीतल आली ती वर्दीत, घामाने निथळत, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "दोन्ही मध्यात," ती म्हणाली. "साहेब म्हणाले सोमवारी चार्ज घ्या." तिने युसूफचा हात दोन्ही हातांत धरला, शहनाजला मिठी मारली, मग बापाकडे वळली. करमसिंगने तिच्या खांद्यावरची धूळ झटकली. "भूक लागी व्हई," तो म्हणाला.

गुंताबाईने गाठोडं सोडलं. मक्याच्या भाकरी, लसणाची चटणी. "चाचा, चाची, बसा," शीतल म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी स्वतः निंबाखाली मातीत मांडी घालून बसली. भाकर मोडली, एक तुकडा आईला दिला, पाण्यासाठी उठली, परत बसली, वळून बापाच्या ताटलीत चटणी वाढली, हसली, मागे रेलली.

युसूफ बघत होता. आता तो भिंतीकडे बघत नव्हता, झाडाकडे बघत नव्हता. ती इतकी उठली, बसली, वळली, पण तिचा हात एकदाही कमरेकडे गेला नाही. तिने कव्हर सावरलं नाही, सरकवलं नाही, ओढलं नाही. ते तिथे आहे, हे ती साफ विसरून गेली होती. करमसिंगचंही तिकडे लक्ष नव्हतं, गुंताबाईचंही नाही. ज्याच्या कामाची तारीफ व्हावी म्हणून गल्ली दणाणून जायची, त्या युसूफ पट्टेवाल्याच्या हातची सगळ्यात चांगली वस्तू समोर होती आणि तिच्याकडे एकही माणूस बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"देखं?" त्याने शहनाजला कोपराने ढोसलं. "विसरली ती. पार विसरली!"

"देखं," शहनाज म्हणाली. "आता खा गपचूप, आणि गल्लीत जाऊन हे सगळं एकट्याच्या नावावर सांगू नका."

त्याने भाकरीचा घास घेतला. सोमवारपासून त्याने ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं, चहावाल्याला, रिक्षावाल्यांना, नव्या शिपायांना, आणि दर वेळी कमानीपाशी आला की पडद्याकडे बोट करून म्हणायचा, "ती अक्कल तिकडची शे."